निवासी निसर्गशिक्षणात काम करायचंय? पहिल्या चौकशीपासून दुसऱ्या हंगामापर्यंत

रानात राहायचं, मुलांना झाडं-पक्षी दाखवायचे, संध्याकाळी शेकोटीभोवती बसायचं आणि त्याचा पगारही घ्यायचा, हे चित्र मनात ठेवून बरेच तरुण या क्षेत्राची चौकशी करतात. चित्र खोटं नाही. पण त्यात दिवसाचे चार-पाच तासच आले आहेत. बाकीच्या वेळात कुणाचे भिजलेले बूट वाळत ठेवायचे असतात, जेवणाच्या टेबलावर एकट्या पडलेल्या मुलीशेजारी सहज जाऊन बसायचं असतं, रात्री दोन वाजता पोटात दुखतंय म्हणून उठलेल्या मुलाला खरंच पोटदुखी आहे की घरची आठवण आहे हे ओळखायचं असतं. मुलं निवासी निसर्गशिक्षण केंद्रावर शिकायला येतात तशी राहायलाही येतात, आणि तुमचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्या राहण्याचं असतं.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमागे माझं एकच म्हणणं आहे. नुसत्या निसर्गाच्या ओढीने आलेली माणसं बहुधा एखाद्या हंगामात थकतात. ज्यांना मुलांच्या सहवासाचा कंटाळा येत नाही, ती टिकतात. झाडांची नावं कुणालाही पाठ करता येतात. तयारी कुठून करायची हे ठरवताना एवढं लक्षात असू द्या.

पायरी १ : केंद्र कोणत्या वळणाचं आहे ते ओळखा

या क्षेत्रात दोन प्रवाह येऊन मिळाले आहेत. एक साहसाचा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारातून १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा उभी राहिली. दुसरं महायुद्ध चालू होतं, जहाजं बुडत होती, आणि तरुण खलाशांमध्ये संकटात तग धरण्याची ताकद यावी हा सुरुवातीचा हेतू होता. पुढे १९६५ मध्ये पॉल पेटझोल्ट यांनी अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं. रानात दीर्घ मुक्काम करून गट सांभाळू शकतील असे नेते घडवणं हे तिथलं सूत्र. या प्रवाहात डोंगर, दोर, होडी ही साधनं असतात आणि खरा विषय असतो माणूस: त्याची भीती, त्याचा आत्मविश्वास, गटातलं त्याचं वागणं.

दुसरा प्रवाह पर्यावरण शिक्षणाचा. १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी इथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी देशोदेशींच्या सरकारांची परिषद भरवली. पर्यावरण शिक्षणाने काय साधायचं हे तिथे पाच शब्दांत मांडलं गेलं: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. इथे ओढा, माती, कीटक, पाणलोट हाच विषय असतो.

आज बहुतेक केंद्रं दोन्ही करतात, पण प्रत्येकाचा कल कुठे तरी एकीकडे असतो. शाळेच्या वर्गाला तीन ते पाच दिवस आणणारं विज्ञानाभिमुख केंद्र, दोर आणि होड्यांवर भर देणारं साहस केंद्र, पाठीवर सामान घेऊन दोन-तीन आठवडे चालणाऱ्या मोहिमा, सुट्टीतली शिबिरं, अडचणीतून आलेल्या किशोरवयीन मुलांसाठीचे खास कार्यक्रम, या सगळ्या वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. शेवटच्या प्रकारात नवख्याने एकदम उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण आणि अनुभवी सहकाऱ्यांची साथ लागते. सुरुवातीला शाळेचे गट घेणारं केंद्र सर्वांत चांगलं. गट बदलत राहतात, तेच सत्र पुन्हा पुन्हा घ्यायला मिळतं आणि सोमवारी जमलं नाही ते गुरुवारी सुधारता येतं.

पायरी २ : अर्ज करण्याआधी एका गटाबरोबर राहून बघा

दिवसभराची भेट पुरत नाही. स्वयंसेवक म्हणून, सोबतच्या शिक्षकांचा मदतनीस म्हणून किंवा स्वयंपाकघरातला जादा हात म्हणून, कसंही करून एका गटाचा पूर्ण मुक्काम अनुभवा. मुलं उतरल्यापासून परत जाईपर्यंत.

या मुक्कामात निसर्गाकडे कमी आणि स्वतःकडे जास्त लक्ष द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, झोप अपुरी झालेली, पाऊस पडतोय, आणि तोच प्रश्न अकराव्यांदा विचारला जातोय, तेव्हा तुमचा आवाज कसा होतो? एकांताची गरज किती लागते? एकांत लागणं यात कमीपणा काहीच नाही. मात्र रोज संध्याकाळी दोन तास दार बंद करून बसल्याशिवाय चालत नसेल, तर दिवसभराच्या सहली नेणारं निसर्ग केंद्र किंवा संग्रहालय तुम्हाला जास्त मानवेल. तेही याच कामाचं भावंड आहे.

पायरी ३ : हाताशी असावीत अशी कौशल्यं

प्रथमोपचाराला पहिला क्रमांक. शहरातल्या अभ्यासक्रमात गृहीत धरलेलं असतं की रुग्णवाहिका थोड्या वेळात येईल. रानात मदत काही तासांवर असू शकते, म्हणून दुर्गम भागासाठीचा प्रथमोपचार वेगळा शिकवला जातो. त्याचा मूलभूत अभ्यासक्रम साधारण १६ ते २० तासांचा असतो. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा पुढचा टप्पा साधारण ७० ते ८० तासांचा असतो, आणि मोहिमा नेणाऱ्या बहुतेक संस्था तोच मागतात. पहिल्या नोकरीसाठी मूलभूत अभ्यासक्रम पुष्कळदा चालतो. प्रमाणपत्राला मुदत असते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. आणि करायचाच तर प्रत्यक्ष हातांनी सराव करून घेणारा वर्ग निवडा. मोडलेला पाय बांधायला पडद्यावर बघून येत नाही.

पोहता येत नसेल तर शिका. पाण्यातली सत्रं तुम्ही घेणार नसलात तरी शिका.

नकाशा आणि होकायंत्र वापरता यायला हवं. फोनवरचा नकाशा उत्तम असतो, बॅटरी असेपर्यंत.

रानात कमीत कमी खुणा ठेवण्याची तत्त्वं नुसती पाठ नकोत, अंगवळणी हवीत. लीव्ह नो ट्रेस या नावाने ती सात तत्त्वं जगभर शिकवली जातात. त्यातल्या एका नियमाची कारणमीमांसा माहीत असली की बाकीचे आपोआप समजतात. शौचासाठीचा खड्डा पाण्यापासून सुमारे ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या साधारण ७० पावलांवर, आणि १५ ते २० सेंटीमीटर खोल घ्यायचा. एवढाच का? कारण वरच्या थरातल्या मातीत जिवाणूंची वर्दळ असते आणि तिथे मैला लवकर कुजतो. फार खोल पुरला तर तसाच राहतो, अगदी वरवर पुरला तर पावसाने किंवा जनावरांनी उघडा पडतो. मुलांना नियम सांगितला तर ती हसतात. कारण सांगितलं तर पावलं मोजू लागतात.

आणि निसर्गाची माहिती? केंद्राच्या परिसरातल्या वीस-पंचवीस सजीवांची नीट ओळख सुरुवातीला पुरते. प्रत्येकाचं नाव, ते काय खातं, त्याला कोण खातं, आणि मुलांना त्याबद्दल विचारण्यासारखा एक प्रश्न. दोनशे नावं माहीत असणाऱ्या माणसापेक्षा या वीसांवर तासभर मुलांना गुंतवून ठेवणारा माणूस केंद्राला हवा असतो.

पायरी ४ : केंद्र तुमची मुलाखत घेतं, तशी तुम्ही केंद्राची घ्या

हा टप्पा नवखी मंडळी घाईने उरकतात. नोकरी मिळतेय याचाच आनंद इतका असतो की प्रश्न विचारायचं धाडस होत नाही. ते करायलाच हवं, आणि त्याला कारण आहे.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे एका साहस केंद्राने शाळकरी मुलांना कयाकमधून समुद्रात नेलं. वाऱ्याने गट भरकटला, होड्या उलटल्या, मदतीला उशीर झाला आणि चार मुलांचा मृत्यू झाला. सोबतच्या प्रशिक्षकांकडे त्या पाण्याला साजेशी पात्रता नव्हती. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला, खुद्द कंपनीही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली, आणि १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. या प्रकरणातली एक गोष्ट प्रत्येक नवख्याने ध्यानात ठेवावी. दुर्घटनेच्या आधीच्या वर्षी दोन प्रशिक्षकांनी तिथली नोकरी सोडली होती आणि सुरक्षिततेत काय काय उणं आहे ते संचालकांना पत्राने लेखी कळवलं होतं. खटल्यात ते पत्र महत्त्वाचा पुरावा ठरलं. म्हणजे धोका कनिष्ठ माणसांच्या नजरेला आधीच आला होता.

तेव्हा मुलाखतीत हे विचारा. एका प्रशिक्षकामागे किती मुलं असतात, आणि पाण्यात किंवा उंचीवर ते प्रमाण बदलतं का? दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षापट्टे), हेल्मेट यांची तपासणी कोण करतं आणि त्याची नोंद कुठे असते? गेल्या हंगामात थोडक्यात टळलेल्या घटना कोणत्या, आणि त्यानंतर काय बदललं? 'आमच्याकडे असं काही घडतच नाही' हे उत्तर मला सर्वांत चिंताजनक वाटतं. चांगलं केंद्र थोडक्यात टळलेल्या घटना लिहून ठेवतं आणि नव्या माणसाला मोकळेपणाने सांगतं. नवीन माणूस पहिलं सत्र स्वतंत्रपणे घेण्याआधी किती दिवस दुसऱ्याचं सत्र बघतो, हेही विचारा. 'उद्यापासूनच गट घ्या' असं म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

मग तुमच्या बाजूचे प्रश्न. रात्रपाळी किती आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुटका मिळते का? आठवड्याची सुट्टी सलग मिळते की तुकड्यातुकड्यांत? राहण्याची खोली एकट्याची की वाटून? जेवण-निवास पगारातून वजा होतं का? अपघाताचा विमा कोण काढतं? उत्तरं लेखी मागा. त्यात भांडखोरपणा काही नाही. नीट चाललेल्या केंद्रात हे सगळं आधीच छापलेलं असतं.

पायरी ५ : अर्ज, मुलाखत आणि नमुना सत्र

अर्जात 'मला निसर्गाची आवड आहे' हे वाक्य लिहिलंत तर ते वाचलं जाणार नाही, कारण प्रत्येक अर्जात ते असतं. त्याऐवजी मुलांबरोबर केलेलं काम लिहा: शिकवणी, खेळाचा संघ, धाकट्या भावंडांचा सांभाळ, वाचनालयातला गोष्टींचा तास. वय, संख्या आणि तुमच्यावर काय जबाबदारी होती ते नेमकं सांगा. हॉटेलात वाढण्याचं किंवा रुग्णालयात मदतनिसाचं काम केलं असेल तर तेही जरूर लिहा. थकलेलं असताना माणसांशी नीट वागता येतं याचा तो पुरावा आहे. मुलांबरोबरच्या कामासाठी पूर्वचारित्र्याची तपासणी होते, तिला वेळ लागतो, म्हणून कागदपत्रं आधीच जमवून ठेवा.

बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांचं नमुना सत्र घ्यायला सांगतात. इथे लोक आपलं ज्ञान दाखवायला जातात आणि फसतात. सुकलेली पानं घेऊन सगळ्यांना एकेक द्या, दोन मिनिटं बघू द्या, मग पानं एकत्र मिसळून आपापलं पान पुन्हा शोधायला सांगा. समोरच्या माणसांनी काय पाहिलं ते त्यांच्याच तोंडून काढून घ्या. परीक्षक तुम्ही किती बोललात हे बघत नसतात, समोरची माणसं किती वाकून बघायला लागली हे बघतात.

पायरी ६ : शिकवायला शिका

एक सत्र जवळून पाहू. विषय ओढ्यातलं जीवन, गट बारा मुलांचा.

ओढ्यावर पोचल्यावर लगेच सुरुवात करू नका. शेवटचं मूल येईपर्यंत थांबा, आणि ते आल्यावरही त्याला दम घेऊ द्या. नाहीतर जे सर्वांत दमलेलं आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही आणि सूचनाही अर्धवट ऐकू येतात. उभं राहताना ऊन तुमच्या डोळ्यांवर घ्या, मुलांच्या नको. गॉगल काढा. मुलांना तुमचे डोळे दिसले पाहिजेत. मग कुठपर्यंत जायचं, पाणी कुठपर्यंत चालेल, शिट्टी वाजली की काय करायचं, हे सांगा आणि एकाकडून परत वदवून घ्या.

आता प्रत्येक जोडीला पांढऱ्या तळाचं पसरट भांडं आणि एक भिंग द्या. दगड हळूच उचलायचा, उलटा करून बघायचा, आणि जसा होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवायचा. त्याची खालची बाजू कुणाचं तरी घर असते. दगडाला चिकटलेला एक चपटा जीव सापडेल, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले हलताना दिसतील, मागे बहुधा तीन शेपट्या. ते मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाचं पिल्लू. दोनच शेपट्या असतील आणि पोटाच्या कडांना कल्ले नसतील तर स्टोनफ्लाय असण्याची शक्यता जास्त. वाळूचे कण किंवा काटक्यांचे तुकडे चिकटवून केलेलं इवलंसं नळकांडं सरकताना दिसलं, तर आत कॅडिसफ्लायची अळी आहे. ती स्वतःच्या रेशमी धाग्याने ते कण सांधते.

नाव लगेच सांगू नका. नवख्यांना हे फार जड जातं, कारण माहिती सांगण्यातच शिक्षण आहे अशी आपल्या सगळ्यांची सवय. पण नाव कळलं की मुलं बघायचं थांबवतात. त्याऐवजी विचारा: 'एवढं पाणी वाहतंय, हा वाहून का जात नाही?' मग कुणी म्हणेल तो चपटा आहे, कुणी म्हणेल पायांना नखं आहेत, कुणी भांडं हलवून बघेल. दहा मिनिटं गेली, तुम्ही दोन वाक्यं बोललात, आणि बारा मुलांची डोकी पाण्यावर झुकलेली आहेत. सत्र उत्तम चाललंय.

नंतर नाव द्या आणि त्यामागचा अर्थही द्या. या तिन्ही गटांतल्या बहुतेक जातींना स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. घाण वाढली की सर्वांत आधी जातात ते हे. उरतात त्या लाल अळ्या, ज्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि म्हणून कमी प्राणवायूतही तग धरतात. आता मुलांनाच ठरवू द्या, आपला ओढा कसा आहे. शक्य असेल तर रस्त्याच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या जागी, हेच पुन्हा करून बघू द्या. प्राणी परत सोडायचे ते जिथून घेतले तिथेच.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र या क्षेत्रात सगळीकडे वापरलं जातं: अनुभव, त्यावर विचार, त्यातून काढलेला अर्थ, आणि नव्या ठिकाणी वापर. मुलांच्या भाषेत तीन प्रश्न पुरतात. काय झालं? त्याचं काय एवढं? आता पुढे काय? प्रत्येकाने बोललंच पाहिजे असा आग्रह नको. वहीत चित्र काढणारं गप्प मूलही विचारच करत असतं.

दोरावरच्या आणि उंचीवरच्या सत्रांत आणखी एक तत्त्व येतं. १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर हा उपक्रम सुरू झाला, आणि त्यातून ही पद्धत रुजली की किती उंच जायचं हे मुलाने स्वतः ठरवायचं. तिसऱ्या पायरीवरून उतरलेल्या मुलाची तिसरी पायरी दुसऱ्याच्या शिखराइतकी अवघड असू शकते. 'चल रे, अजून थोडंच' असा गटाचा ओरडा प्रेमाचा असला तरी थांबवा. मूल आधी ठरवेल, मग गट त्याने ठरवलेल्याला साथ देईल.

पायरी ७ : सुरक्षिततेच्या सवयी

मुलं मोजा. निघताना, पोचल्यावर, पाण्यात उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर, स्वच्छतागृहाच्या थांब्यानंतर, अंधार पडल्यावर. आकडा मोठ्याने बोला म्हणजे सहकाऱ्यालाही कळतो.

वीज चमकली की सेकंद मोजा. गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. मुलं कुरकुर करतील, सोबतचे शिक्षक वेळापत्रक दाखवतील. ३० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं.

शरीराचं तापमान उतरायला बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे आणि वारा पुरतो, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीराची ऊब ओढून घेतं. मूल अडखळायला लागलं, शब्द जड झाले, हातातून वस्तू सुटू लागल्या, उगाच चिडचिड सुरू झाली, तर कोरडे कपडे आणि आडोसा ताबडतोब. कापत असलेलं मूल ऊब न मिळताच कापायचं थांबलं आणि सुस्त झालं, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. प्रकृती बिघडते आहे, मदत बोलवा.

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं त्या क्षणभरात ते फक्त श्वास घेऊ शकतं. त्यामुळे पाण्याकाठी जो लक्ष ठेवतोय त्याने दुसरं कोणतंही काम करू नये, फोटो तर नाहीच.

अ‍ॅलर्जी आणि औषधांची यादी गट येण्याआधी वाचा. ज्या मुलाला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागू शकतं, त्याचं इंजेक्शन कार्यालयाच्या कपाटात असून उपयोग नाही. ते त्या गटाबरोबर, तुमच्या पाठीवरच्या पिशवीत हवं, आणि वापरायचं कसं हे तुमच्याशिवाय आणखी एकाला माहीत हवं.

पायरी ८ : संध्याकाळ आणि रात्र

या भागाचं प्रशिक्षण सर्वांत कमी मिळतं, आणि मुलं घरी जाऊन सांगतात ते मात्र बरंचसं याच वेळेतलं असतं.

घरची आठवण पहिल्या आणि दुसऱ्या रात्री जास्त येते, विशेषतः दिवे मालवल्यावर, कारण दिवसभर हात रिकामे नव्हते. 'रडू नकोस, काही होत नाही' म्हणू नका. आठवण येणं साहजिक आहे हे मान्य करा, पाणी द्या, उद्या सकाळचं काहीतरी ठोस सांगा: 'उद्या पक्षी बघायला जाताना दुर्बीण तू सांभाळशील का?' घरी फोन लावून द्यायचा की नाही हे केंद्राच्या धोरणाप्रमाणे आणि शिक्षकांशी बोलून ठरवा. तुम्ही एकट्याने वचन देऊन बसू नका.

अंथरूण ओलं होणं हे दहा-अकरा वर्षांच्या मुलांतही होतं. जादा चादरी कुठे आहेत हे आधीच माहीत असू द्या. बाकीची मुलं नाश्त्याला गेली की गाजावाजा न करता अंथरूण बदला. त्या मुलाची लाज राखली गेली, तर पुढचे तीन दिवस ते मोकळेपणाने खेळेल.

स्वतःसाठीचे नियम कडक ठेवा. बंद दाराआड एका मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. खोलीत जाताना दार वाजवायचं, शक्यतो दुसरी प्रौढ व्यक्ती सोबत. मुलांशी खाजगी फोन किंवा समाजमाध्यमांवरून संपर्क नाही, ती परत गेल्यावरही नाही. हे नियम मुलांचं रक्षण करतात आणि तुमचंही.

कधीतरी एखादं मूल घरातली किंवा शाळेतली गंभीर गोष्ट सांगेल. शेकोटीच्या उजेडात, अंधारात चालताना, अशा वेळी मुलं बोलतात. तेव्हा शांतपणे ऐका. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून विचारू नका, तपास करणं हे तुमचं काम नाही. 'तू सांगितलंस हे बरं केलंस, यात मदत करू शकतील अशा माणसांना मला हे सांगावं लागेल' एवढं म्हणा. मग लगेच त्याच्याच शब्दांत लिहून काढा, वेळ टाका, आणि बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. ती व्यक्ती कोण, हे रुजू झाल्याच्या दिवशीच विचारून ठेवा.

पायरी ९ : स्वतःला सांभाळा

पहिल्या हंगामात घसा बसतो, झोप कमी पडते आणि सुट्टीच्या दिवशीही माणूस केंद्रावरच घुटमळतो. तसं करू नका. सुट्टीला परिसर सोडून जा. जुन्या मित्रांना ठरवून फोन करा, नाहीतर सहकारी हेच सगळं जग होऊन बसतं आणि एखादा छोटा वादही डोंगराएवढा वाटायला लागतो. ओरडण्याऐवजी शिट्टी, हात वर करणं, ठरलेली टाळी वापरा.

पैशांबद्दल सरळ बोलतो. सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी कमी असतो. राहणं-जेवण मिळत असल्यामुळे खर्चही कमी होतो, पण करार हंगामी असतो आणि हंगाम संपला की खोलीही जाते. त्यामुळे पहिल्या पगारापासून बिगरहंगामाची तरतूद करा आणि पुढचं काम करार संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच शोधायला लागा. वेगवेगळ्या हवामानाच्या भागांत हंगाम वेगवेगळ्या महिन्यांत येतात. काही लोक दोन केंद्रं जोडून वर्ष भरतात, काही मधल्या काळात शाळेत बदली शिक्षक म्हणून जातात. आर्थिक आधार अजिबात नसेल तर वर्षभर चालणाऱ्या केंद्रालाच पसंती द्या, भले नाव लहान असो.

पायरी १० : दुसरा हंगाम आणि पुढचं

पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा. तारीख, गटाचं वय आणि संख्या, कोणतं सत्र, हवामान, काय जमलं, काय बदललं. साहसाच्या बाजूच्या पुढच्या प्रमाणपत्रांसाठी अशी नोंद बहुधा मागितलीच जाते, आणि दोन वर्षांनी आठवून लिहिता येत नाही. तुमचं सत्र बघायला वरिष्ठांना बोलवा. बोलावल्याशिवाय त्यांना वेळ मिळत नाही.

पुढे मुख्य प्रशिक्षक, कार्यक्रम समन्वयक, प्रशिक्षकांचे प्रशिक्षक, केंद्रप्रमुख असा रस्ता आहे. प्रत्येक पायरीवर मुलांबरोबरचा वेळ घटतो आणि वेळापत्रकं, अंदाजपत्रकं, पालकांचे फोन वाढतात. ते नको असेल तर एखाद्या विषयात खोल जाणं हा तितकाच चांगला मार्ग आहे: दोरकाम, नदी, पक्षी, अपंग मुलांसाठीचे कार्यक्रम. या शेवटच्या कामात जाणकार माणसांची खरोखर उणीव आहे. चाकाची खुर्ची जाईल अशी पायवाट आखणं, दृष्टिहीन मुलांसाठी आवाज आणि स्पर्शाची सत्रं बांधणं हे ज्याला येतं, त्याच्याकडे केंद्रं स्वतःहून येतात. शिक्षकी पदवी घेऊन शाळेत गेलेली, अभयारण्यात माहितीकेंद्र सांभाळणारी, संशोधनाकडे वळलेली माणसंही इथूनच घडली आहेत.

दुसऱ्या हंगामासाठी त्याच केंद्रात परतायचं की नवीन बघायचं? पहिल्या ठिकाणी तुम्हाला शिकवणारं कुणी असेल आणि चुकांबद्दल मोकळेपणाने बोलता येत असेल, तर परत जा. जागा ओळखीची झाली की मुलांकडे बघायला मन मोकळं राहतं. शिकवणारं कुणी नसेल किंवा सुरक्षिततेबद्दल सांगितलेलं कुणी मनावर घेत नसेल, तर जे दिसलं ते लेखी कळवा, प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरं केंद्र शोधा. निघताना शिफारसपत्र मात्र करार संपायच्या आधीच, तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून मागून घ्या. हंगामी जागांवरची माणसं सतत बदलत असतात, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला ओळखणारं तिथे कुणी असेलच असं नाही.